हेक्टरची जागा

लिफ्ट बंद होती, म्हणून दोघं जिन्यात समोरासमोर आले. एरवी पाठ्यपुस्तकांच्या त्या छापखान्यात प्रूफवाल्या बाई तिसऱ्या मजल्यावर आणि चित्रकार तळमजल्यावर. अकरा वर्षं गाठ पडायची ती कागदांवरच. बाई दमल्या होत्या. आजच्या नव्हे, कित्येक वर्षांच्या. दिवसभर डोळ्यांत तेल घालून दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि घरी जाऊन भिंतींशी बोलायचं! पर्समध्ये राजीनामा होता. तो आज दिला की उद्या ताईच्या गावी, कायमचं.

"बाई, माझ्या हेक्टरला का हलवलंत?" चित्रकारानं गुंडाळी उलगडली. मधे गुरू ग्रह आणि त्याच्याच कक्षेत लघुग्रहांचे दोन घोळके. पुढच्यांना ग्रीक वीरांची नावं, मागच्यांना ट्रॉयच्या वीरांची. हेक्टर नावाचा लघुग्रह बाईंनी खूण करून पुढच्या घोळक्यातून मागच्यात नेला होता.

"हेक्टर ट्रॉयचा ना? मग शत्रूच्या गोटात काय करत होता?"

"गोट नंतर ठरले हो. याचं बारसं आधीच झालेलं... राहिला तिथंच."

बाई मटकन पायरीवर बसल्या. "म्हणजे बरोबर होतं ते मी चुकवलं. डोळे गेले माझे."

"अकरा वर्षांत पहिलीच चूक."

"मोजताय वाटतं?"

"दुसरं काय करणार? त्याच वाटेवर फिरत राहायचं, पण जवळ म्हणून जायचं नाही —"

"कोणी, हेक्टरनं?"

"...हेक्टरनंच." त्याचे कान लाल झाले.

किती दिवसांनी बाईंना हसू आलं. त्यांनी राजीनामा काढून त्याच्या हातात ठेवला. "एवढा तपासून द्या. स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत."

दोनच वाक्यं होती. 'मी नोकरी सोडत आहे. मी दुसऱ्या गावी राहायला जात आहे.' त्यानं ती दोनदा वाचली. मग कानामागची पेन्सिल काढली आणि दुसरं वाक्य सरळ खोडलं.

"हा काय आगाऊपणा?"

"नोकरी खुशाल सोडा, दमलाय तुम्ही. गाव नका सोडू. मला... तुम्ही फार आवडता." त्यानं पेन्सिल पुढे केली. "चुकीचं खोडलं असेल तर खाली टिंबं द्या."

खोडलेल्या शब्दांखाली टिंबं दिली की ते होते तसेच राहतात, हे बाईंना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवलं. बराच वेळ तसंच धरलं.

"एका वाक्याचा राजीनामा कोणी देतं का?" त्या हळूच म्हणाल्या आणि उठल्या. "देऊन येते. थांबाल ना?"

कागदावर एकही टिंब नव्हतं.