पाहुण्यांची पाळी

मी कवळ्या बनवते. दिवसभर दुसऱ्यांचे दात हातात घेऊन बसायचं काम, त्यामुळे माणूस मला चेहऱ्यापेक्षा चाव्यावरून लवकर ओळखू येतो. आमच्या पत्त्यांच्या क्लबात एकदा कुणीतरी सेनापतींचं बिस्किट अर्धं खाऊन परत बशीत ठेवलं. उरलेल्या कडेकडे बघून मी सांगितलं, आमच्यात खेळणाऱ्या काकूंनी. वरचा डावा सुळा किंचित पुढे आहे. काकूंनी उरलेलं अर्धंही तोंडात टाकलं आणि पुरावा संपला. पण त्या दिवसापासून मला पंच केलं. मला खेळता येत नाही. नियम येतात.

क्लब म्हणजे एक खोली. खाली सेनापतींचं कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान, वर आम्ही. रविवारी दुपारी दुकान बंद असतं, तरी फरशीतून गरम सुताचा वास वर येत राहतो. सेनापती सैन्यात कधीच नव्हते. ते खेळात सूर्यसेनेकडून लढतात आणि शर्टाच्या कॉलरला सुरकुती पडू देत नाहीत, एवढ्यावर त्यांना ते नाव पडलं.

खेळाचं नाव सातवी कक्षा. सूर्यसेना, खाणकरी आणि यंत्रसंघ एका ग्रहासाठी भांडतात. पत्त्यांची बंद पाकिटं विकत घ्यायची, आत काय निघेल ते नशीब. ज्या ग्रहासाठी हा सगळा तमाशा चाललाय, तिथले मूळ रहिवासी पहिल्याच युद्धात जळून गेले. त्यांना ओसाडी म्हणतात. त्यांचीही पानं छापलेली आहेत. का, ते छापणाऱ्यांना ठाऊक.

*ओसाडचा रहिवासी. शक्ती शून्य. हल्ला करत नाही. हटत नाही. वाट पाहतो.*

असं पान निघालं की माणूस चुकचुकतो आणि ते कोपऱ्यातल्या बिस्किटाच्या डब्यात टाकतो. डबा भरला तेव्हा आमच्याकडे एक रीत सुरू झाली, आणि पुढचं सगळं त्या रीतीमुळे झालं.

खेळणारे विषम असले की एकाला जोडीदार उरत नाही. इतर क्लबांत त्याला फुकटचा विजय देतात. सेनापतींना फुकट काही दिलेलं खपत नाही, इस्त्रीसुद्धा नाही. म्हणून आमच्याकडे उरलेल्या माणसाने रिकाम्या खुर्चीशी खेळायचं. खुर्चीसमोर डब्यातला ओसाडी गठ्ठा. खुर्चीच्या वतीने मी वरचं पान उलटायचं. डोकं लावायचा प्रश्नच नाही.

खुर्चीला आम्ही पाहुणे म्हणायचो. मान राखून. पाहुणे, तुमची पाळी. पाहुणे, चहा घेणार? काकू तर पाहुण्यांसमोर दर वेळी एक बिस्किट ठेवायच्या, आणि डाव संपला की स्वतःच खायच्या.

*परतीची वेळ. सगळे रहिवासी टेबलावर आल्यानंतर, शेवटचं पान म्हणून निघाल्यास ओसाडी जिंकतात: वाट पाहणारे सगळे एकदम घरी येतात. मध्येच निघाल्यास ओसाडी हरतात.*

म्हणजे पाहुण्यांशी खेळताना समोरच्याने काय केलं याला काही अर्थ नव्हता. ते एक पान गठ्ठ्यात कुठे आहे, एवढंच. तरी काकू तिथेही कपाळाला आठ्या घालून, विचार करकरून खेळायच्या. पाहुणे नेहमी हरायचे.

आता नवऱ्याबद्दल.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. क्लबात त्याला तळमजला म्हणतात, एक तर धंद्यामुळे आणि दुसरं म्हणजे गुणांच्या तक्त्यावरच्या जागेमुळे. तो चांगली पानं देऊन चित्रं सुंदर असलेली पानं घेतो. एकदा त्याने यंत्रसंघाची अख्खी युद्धनौका काकूंना देऊन टाकली आणि बदल्यात खिडकीत दिवा असलेल्या एका लहानशा यानाचं चित्र घेऊन आला. काकूंना त्या रात्री म्हणे आनंदाने झोप लागली नाही.

खोली लहान, बाहेर थांबलेले पुष्कळ. त्यामुळे हंगाम संपला की तळाच्या खेळाडूने खुर्ची सोडायची, असा नियम. पण तळाला कायम पाहुणे, आणि पाहुण्यांना जा कसं म्हणणार? त्यामुळे कुणालाच जावं लागत नसे. पाहुण्यांच्या बरोब्बर वर माझा नवरा. त्याच्या खाली कुणीतरी होतं म्हणून तो होता.

आठवडाभर तो दोन मजल्यांच्या मध्ये, अंधारात, तेलाच्या वासात एकटा असतो. रविवारी खोलीचं दार ढकललं की सगळे एका सुरात म्हणतात, "आला तळमजला." तेवढ्यासाठी तो सकाळपासून दाढी करून बसतो. मी हे बघितलेलं आहे, म्हणून सांगते.

तर पहिल्यांदा काकू हरल्या.

परतीची वेळ हे पान अगदी शेवटी निघालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकूंनी रिकाम्या खुर्चीशी हस्तांदोलन केलं आणि हात साडीला पुसला. आम्हाला वाटलं गंमत करतायत. नंतर चहाच्या वेळी त्या मला एवढंच म्हणाल्या की खोलीत उकाडा फार आहे, हात ओला होतो.

पाहुण्यांपुढचं बिस्किट त्या दिवशी नाहीसं झालं. काकू म्हणाल्या मी नाही. अर्थात कुणी विश्वास ठेवला नाही. अख्खंच गेलं होतं, चावा मागे राहिलेला नव्हता, म्हणजे माझ्याही हातात काही नव्हतं.

पुढच्या रविवारी सेनापती हरले. त्यांनी पत्ते पुन्हा पिसायला लावले. मी पिसले, त्यांनी कापले, पुन्हा हरले. मग मी पत्त्यांच्या कडा भिंगाखाली तपासल्या. खूण नाही, मेण नाही, वाकलेला कोपरा नाही. कवळीत केसाएवढा फरक राहिला तर पेशंट जेवू शकत नाही. असले फरक मला दिसतात. इथे फरक नव्हता.

"खुर्ची गरम आहे," सेनापती म्हणाले.

खाली इस्त्रीच्या वाफेचा पाइप आहे, असं त्यांनीच मग समजावलं. खुर्ची समोरच्या भिंतीला हलवली. तिथे खाली पाइप नाही, दुकानाचा जिना आहे. गादीला हात लावून सेनापतींनी थोडा विचार केला आणि म्हणाले की जिनाही तापत असेल.

*यंत्रसंघाचा अभियंता. कोणतीही बिघडलेली गोष्ट दुरुस्त करतो. बिघाड सापडला पाहिजे.*

त्या दिवशी आम्ही एक प्रयोग केला. सगळ्यांच्या देखत मी परतीची वेळ हे पान शोधून काढलं आणि गठ्ठ्यात वरून दुसऱ्या जागी ठेवलं. सगळ्यांनी बघितलं. पहिलं पान उलटलं: रहिवासी. दुसरं उलटलं.

रहिवासी. वाट पाहतो.

काकू म्हणाल्या, पंचबाई, तुम्हाला चष्मा लागलाय. मी हो म्हटलं. हो म्हणणं बरं वाटलं.

यावर सेनापतींनी सोपा उपाय काढला: खेळणारे समच ठेवायचे, म्हणजे पाहुण्यांची पाळीच येणार नाही. त्यांनी आपल्या मेहुण्याला आणायचं ठरवलं. मेहुणा निघाला आणि त्याच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकला. नवऱ्याला फोन आला, तो धावत गेला, मेहुण्याला बाहेर काढलं. लिफ्टमध्ये काहीच बिघाड नव्हता म्हणे. मेहुणा घरी जाऊन झोपला. त्यानंतरच्या रविवारी मेहुणा आला, तर काकूंच्या घरचा नळ फुटला. आम्ही पुन्हा विषम.

पाहुणे जिंकत गेले. तक्त्यावर एकेक पायरी वर.

आणि हंगामाच्या शेवटच्या रविवारी तळाला एकच नाव राहिलं. त्याच्या खाली कोरा कागद.

"तक्ता चुकला असेल," नवरा म्हणाला. तक्ता मीच करते हे त्याला माहीत होतं.

शेवटच्या फेरीच्या चिठ्ठ्या टाकल्या. जोडीदाराविना उरला माझा नवरा. जिंकला तर वाचला. हरला तर पुढच्या रविवारी दार ढकलायचा हक्क दुसऱ्या कुणाचा.

सेनापतींनी मला बाजूला घेतलं. पंचबाई, ते पान चुकून खाली पडलं तर, असं काहीसं ते पुटपुटले. ज्या माणसाने आयुष्यात फुकट इस्त्री केली नाही, तो माणूस. मी नाही म्हटलं. त्यांना हायसं वाटलं की वाईट, ते कॉलरमुळे कळलं नाही.

खेळ सुरू झाला.

नवरा नेहमीसारखाच खेळला, म्हणजे चित्रं बघत. मी पाहुण्यांची पानं उलटत गेले. रहिवासी. रहिवासी. ते टेबलावर रांगेत बसत गेले, सगळ्यांची चेहरा फिरवलेली चित्रं, सगळे दाराकडे बघणारे. दार म्हणजे चित्रातलं. आमच्या खोलीचंही त्याच बाजूला आहे.

गठ्ठा पातळ झाला.

काकूंनी बिस्किट खायचं थांबवलं होतं.

नवऱ्याने हातातलं एक पान टेबलावर ठेवलं. खिडकीत दिवा असलेलं यान.

*आश्रय. समोरच्या एका योद्ध्याला किंवा खुद्द समोरच्या खेळाडूला आपल्या घरी जागा द्या. खेळाडूला दिल्यास तो आपली बाजू सोडतो आणि डाव तुमचा होतो. तो स्वतःहून जाईपर्यंत घर त्याचंही. देताना मोठ्याने म्हणा: माझं घर ते तुमचं घर.*

हे पान खुद्द खेळाडूवर कुणी कधी टाकत नाही. समोर काकू असताना कोण टाकेल?

"कुणाला?" मी विचारलं. पंचाने विचारायचं असतं.

"पाहुण्यांना," तो म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघत होते. पान पुन्हा वाचलं. नियमात बसत होतं. बसत नसतं तर मी काय केलं असतं, हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारलेला नाही.

"चालेल," मी म्हटलं.

"माझं घर ते तुमचं घर," माझा नवरा रिकाम्या खुर्चीला म्हणाला. आवाज अगदी साधा, लिफ्टमध्ये अडकलेल्याला धीर देतो तसा.

खुर्ची करकरली.

सेनापतींनी गादीला हात लावला. गार होती.

मग सगळे एकदम बोलायला लागले. काकूंनी नवऱ्याच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाल्या, मेल्या, युद्धनौका परत देते. सेनापतींनी जाहीर केलं की पाहुणे गेल्यामुळे तळाची खुर्ची आपोआप सुटली, कुणाला जायला नको. मी उरलेला गठ्ठा उलटून बघितला.

*परतीची वेळ.* (हे पान गठ्ठ्यात सापडलं नाही.)

टेबलाखाली बघितलं, डब्यात बघितलं. नाही.

घरी आलो. नवऱ्याने कुलूप उघडलं, मी आत गेले, आणि तो दार धरून जरा जास्तच वेळ उभा राहिला.

"सवय आहे," तो म्हणाला. "लिफ्टची."

त्यानंतर तसं काही झालं नाही. जेवायच्या टेबलाची तिसरी खुर्ची सकाळी थोडी ओढलेली असते, पण फरशीला उतार आहे. नवरा हल्ली जेवताना विनोद सांगतो आणि सांगून झाला की क्षणभर थांबतो. मी एकदा विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, असं विचारतात का गं कुणाला.

रविवारी आम्ही क्लबात जातो. तो दार ढकलतो, सगळे ओरडतात, आला तळमजला. तो हसतो. पण दार लगेच लावत नाही.

काल सकाळी तो कामावर गेल्यावर मी चहा घेऊन टेबलाशी आले. ताटलीत सफरचंद होतं. एका बाजूने चावलेलं.

मला हसू आलं. नवरा असंच करतो, एक घास घेऊन ठेवून देतो. मी सहज उचलून बघितलं.

त्याचा चावा नव्हता.

त्याच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा घरातच आहे, एकदा दाढेसाठी घेतला होता. तो आणून लावून बघितला. माझा स्वतःचा चावा शेजारी घेतला. तोही नव्हता.

चावा रुंद होता. सगळे दात एकाच आकाराचे. सुळा नाही, दाढ नाही, रांग वळून मागे गेलेली. कडा स्वच्छ. मी भिंग आणलं, कारण एक गोष्ट मला ओळखीची वाटत होती. दातांच्या मध्ये बारीक, सारख्या अंतराच्या फटी होत्या. अशा फटी फक्त दुधाच्या दातांत असतात.

मागून मोठे यायचे असतात, त्यांच्यासाठी जागा ठेवलेली असते.