एकशे त्रेचाळीस नंबरची घागर

धुळ्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या पितांबर बोरसेला सगळे गमतीने ‘कप्तान’ म्हणत. धुळ्यात पांझरा नदीलाही पाणी नसतं, आणि हा पठ्ठ्या सहा वर्षांपासून एका शिडाच्या जहाजाचा इतिहास लिहीत होता. ‘मेरी हॅलम’ त्याचं नाव. १८५८ साली ते मुंबईहून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर दोनशे चौदा मजूर घेऊन गेलं. त्यांत शिंदखेड्याजवळच्या पितांबरच्या गावचे पाच जण होते. एक त्याचाच खापरपणजोबा, कौतिक बोरसे. जहाजाच्या यादीत त्याचा नंबर एकशे त्रेचाळीस.

कौतिक परत आला नाही, पण गावच्या घरी त्याची घागर कधी भरली गेली नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात घरोघर मेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तिच्यावर खरबूज आणि सांजोरी ठेवतात, मग घरचे जेवतात. मात्र ज्याच्या मरणाचा निरोप आला नाही, त्याची भरत नाहीत. एकदाचा अपवाद सोडला, तर गावातली ती पाचही घरं हे पाळत आली होती. पितांबरला हा निव्वळ अडाणीपणा वाटायचा.

१९८८च्या फेब्रुवारीत मॉरिशसच्या दप्तरखान्यातून झेरॉक्स पानं आली. जहाजावरच्या गोऱ्या डॉक्टरची ती रोजनिशी होती. डॉक्टर रोज संध्याकाळी पाणी वाटताना माणसं मोजायचा. सतराव्या दिवशी त्याने लिहिलं होतं, ‘नंबर १४३ पटकीने वारला. प्रेत समुद्रात सोडलं.’ त्याखाली, ‘पाणी घेणारे, २१४.’ वाटेत अकरा माणसं गेली, पण आकडा एकदाही उतरला नाही. ‘मी स्वतः दोनदा मोजले,’ असं डॉक्टरने एका ठिकाणी लिहिलं होतं, आणि तिथे शाई सांडली होती.

पितांबरने समासात पेन्सिलीने ‘मुकादमाची लबाडी’ असा शेरा मारला आणि पानं घेऊन आखाजीला गावी गेला.

“कौतिक आबा वारल्याचा कागद मिळाला, माय. आता घागर भरायची,” तो म्हणाला.

तानुबाईने कागदाकडे पाहिलंही नाही. “झुलालना आजानी भरी व्हती. काय व्हयनं, इसरना का तू?”

तो विसरला नव्हता. त्या पाच घरांतल्याच झुलालच्या आजाने जहाजावर गेलेल्या आपल्या माणसाची अशीच हट्टाने घागर भरली आणि त्याच महिन्यात त्याचा कर्ता मुलगा वावरात गेला तो परत आला नाही. पितांबरच्या मते तो सुरतेच्या गिरणीत गेला असणार. तेव्हा बरेच जायचे.

धाकटा भाऊ रुपचंद दाराशी उभा होता. शेती त्याच्याकडे, आणि थोरल्या भावाच्या शब्दापुढे त्याचा शब्द नसे. “माय, पितूभाऊ शिकेल शे. त्याना हातमा कागद शे. भरू दे,” तो म्हणाला. आणि विहिरीवरून पाणी त्यानेच आणलं.

जेवणं झाली. वैशाखातली दुपार, पत्रे तडतडत होते. रुपचंद ओट्यावर आडवा झाला आणि थोड्या वेळाने भिंतीला हात लावून उठून बसला.

“भाऊ, हाऊ वटा हालस का?”

“ऊन लागलं तुला. पाणी पी.”

त्याने तांब्याभर पाणी प्यायलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, “खारं शे.” पितांबरने त्याच तांब्यातून घोट घेतला. पाणी रोजच्यासारखं गोड होतं.

दुसऱ्या दिवशी रुपचंदचे ओठ फुटले. तो चालताना पाय फाकवून चालू लागला. यशोदाबाईने, त्याच्या बायकोने, दृष्ट काढली. पितांबरने शिंदखेड्याहून डॉक्टर आणला. त्याने सलाईन लावलं आणि दोन दिवसांत बरा होईल असं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी त्याला खरंच बरं वाटलं. नांगरलेलं वावर बघून येतो म्हणून तो सकाळी दहाला निघाला.

बारा वाजता पितांबर शोधायला गेला. वावराच्या मध्यभागी रुपचंदच्या चपला होत्या. भोवती एका खाटेएवढी जमीन ओली होती. बाकी सगळ्या वावरात कोरडी ढेकळं.

तो उभा होता तेवढ्यात माती कडेकडेने सुकत गेली. सुकली तिथे पांढरी पडली.

पितांबरने ती चाखून पाहिली नाही.

पोलिसांत तक्रार झाली. सुरतेला, भुसावळला माणसं जाऊन आली. पितांबरने जहाजाची फाईल बांधून माळ्यावर टाकली.

पुढच्या वर्षी, आखाजीच्या आठवडाभर आधी, मॉरिशसहून पुन्हा पाकीट आलं. रोजनिशीतलं एक पान मागे राहून गेलं होतं, ते सापडलं म्हणून पाठवलं होतं.

‘एक्केचाळिसावा दिवस. नंबर १४३, ज्याला चोवीस दिवसांपूर्वी माझ्यासमोर समुद्रात सोडलं, तो आज पुन्हा वारला. शेवटपर्यंत एकच वाक्य म्हणत होता. मला अर्थ कळला नाही. ऐकलं तसं लिहितो.’

पुढे इंग्रजी अक्षरांत ते वाक्य होतं. पितांबरने ते ओठ हलवत वाचलं.

पितूभाऊ, माले घर लई चाल.

त्याखाली, ‘पाणी घेणारे, २१४.’

आखाजीला तो गावी गेला. पान शर्टाच्या आतल्या खिशात होतं. देवाजवळ नवी घागर भरून ठेवली होती. खरबूज बाजूला होतं, अजून वर ठेवलेलं नव्हतं.

लग्नाला पंधरा वर्षं झाली, तरी यशोदाबाई थोरल्या दिराशी कधी समोरासमोर बोलली नव्हती. त्या दिवशी ती पदर मागे सारून पुढे आली.

“भाऊ, यासना काही कागद उना का? मी कुकू लावू का पुसू, तेवढं सांगा.”

तानुबाई चुलीकडे तोंड करून बसली होती. घरात आता पुरुष माणूस म्हणून पितांबर एकटाच उरला होता. त्याला भावाची आठवण आली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

“नही उना,” तो म्हणाला. “शोध चालू शे.”

यशोदाबाईने पदर पुन्हा पुढे ओढला. मग तिने घागर उचलली आणि पाणी परत रांजणात ओतलं.

पितांबर पाटावर बसला. आमरस दोनदा मागून घेतला.