बेटबोलीचे हक्क

नभा बोरकुटे हिला शुक्रवारी सकाळी सणकून ताप भरला. तिची आई सुगंधा तिला कडेवर घेऊन बुटीबोरीहून नागपूरच्या एका रुग्णालयात आली. दोघीही जन्मापासून कर्णबधिर. सुगंधाच्या गळ्यात करवाचक होता. सुपारीएवढे ते यंत्र घालणाऱ्याच्या हातांच्या हालचाली वाचून त्यांचा अर्थ मोठ्याने बोलायचे आणि समोरच्याचे बोलणे मनगटावरच्या पडद्यावर उमटवायचे. २०५८ साली कर्णबधिर माणसे त्याच्याशिवाय घराबाहेर पडत नसत.

"हिला कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का?" इंजेक्शन भरता भरता परिचारिकेने विचारले.

सुगंधाने सात वर्षांच्या पोरीला पलंगावर टेकवले आणि हात मोकळे केले. मागच्या वर्षी एका औषधाने नभाचा घसा सुजून श्वास कोंडला होता. त्या औषधाचे नाव तिने सांगितले.

"या हालचालींचे सर्व हक्क राखीव आहेत," करवाचक म्हणाला.

सुगंधाला ते ऐकू येणे शक्यच नव्हते. परिचारिकेच्या चेहऱ्यावर काही कळल्याची खूण दिसेना, म्हणून तिने पुन्हा सांगितले. करवाचकाने तेच वाक्य पुन्हा म्हटले. परिचारिकेने सुईकडे बोट दाखवून मान उडवली. सुगंधाने जोरजोराने मान हलवली. नाही, देऊ नका! परिचारिकेने त्याचा अर्थ लावला, नाही, अ‍ॅलर्जी नाही.

नभा तीन दिवस कृत्रिम श्वासावर होती. ती वाचली. चौथ्या दिवशी सुगंधाच्या मनगटावर त्रिशृंग कंपनीची नोटीस उमटली. 'शेवाळबेट' या खेळातल्या मुद्रांचा विनापरवाना वापर ताबडतोब थांबवावा, असे तीत लिहिले होते.

नोटीस घेऊन सुगंधा थेट विद्यापीठाच्या भाषाप्रयोगशाळेत गेली. डॉ. यशोधरा मेश्राम गेली चार वर्षे तिथे सुगंधाच्या वस्तीची भाषा अभ्यासत होत्या. तिथल्या मोठ्या माणसांखालोखाल ती भाषा उत्तम बोलणारी बाई कोण, तर त्याच. त्यांनी वकील तुषार गेडाम यांना बोलावून घेतले.

"मला एकदा मुळापासून सांगा," गेडाम म्हणाले. "खेळातून भाषा येते कुठून?"

"शेवाळबेट हा लहान मुलांचा खेळ होता. ऑनलाइन," यशोधरा म्हणाल्या. "मुलांशी कोणी वाईटसाईट बोलू नये म्हणून कंपनीने त्यात बोलण्याची सोयच ठेवली नव्हती. फक्त चौसष्ट मुद्रा, पडद्यावरच्या बाहुलीने करायच्या. ये, थांब, धोका, टाळी, असल्या. ऐकू येणाऱ्या मुलांना त्याचा कंटाळा आला. पण गडचिरोली, मेळघाट, किनवट, अशा भागांतून काही मुलं टिकून राहिली. गावात बहिऱ्यांची शाळा नाही, घरात कुणाला खुणा येत नाहीत. दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत त्यांच्याशी कुणी एक पूर्ण वाक्यसुद्धा बोललं नव्हतं."

"आणि त्यांना एकमेकं सापडली."

"बेटावर. भाषा नसलेली मुलं एकत्र आली की ती भाषा करतात, हे जगात पूर्वीही घडलंय. 'थांब' आणि लगेच 'टाळी' म्हणजे 'नको'. 'नको' सावकाश केलं की 'नको होतं'. बारा वर्षांत त्यात व्याकरण आलं, थट्टा आली, शिव्या आल्या. पुढे बेटावरच्या ओळखीतून लग्नं झाली, चाळीसेक कुटुंबं बुटीबोरीला एकत्र राहायला आली आणि तीच भाषा प्रत्यक्ष हातांनी बोलू लागली. बेटबोली. करवाचकाला ती मीच शिकवली."

"मग कंपनीला आत्ताच ही जाग का?"

"खेळ आठ वर्षांपूर्वी बंद पडला. आता त्यांना तीच भाषा कारखान्यातल्या यंत्रमानवांसाठी आज्ञाभाषा म्हणून विकायची आहे. हाताने खूण केली की यंत्र ऐकतं. पण त्याच खुणा करत आजूबाजूला माणसं गप्पा मारत बसली तर यंत्रं गोंधळणार. म्हणून त्यांनी मालकी नोंदवली आणि कायद्याप्रमाणे प्रत्येक करवाचकात, प्रत्येक व्हिडिओ फोनमध्ये नुकतीच मालकीच्या खुणा अडवणारी स्वामित्व-चाळणी बसवून घेतली."

सुगंधा दोघांचे बोलणे पडद्यावर वाचत होती. तिने हात उचलले. चाळणीमुळे करवाचक उपयोगाचा नव्हता, म्हणून यशोधरांनी अर्थ सांगितला. "ती म्हणते, म्हणजे यंत्रांनी माझी भाषा बोलायची आणि मी नाही."

सुगंधाच्या अर्जावर डिजिटल स्वामित्व लवादाची पहिली सुनावणी पंधरा दिवसांनी झाली. अध्यक्षस्थानी निवृत्त न्यायमूर्ती झुबेदा काझी होत्या. कंपनीच्या वकील अनुपमा देवपुजारी यांनी सुरुवातीलाच हरकत घेतली, की यशोधरांनी बेटबोलीचा तोंडी अनुवाद करणे हाही विनापरवाना वापरच आहे. न्यायमूर्तींनी हरकत फेटाळली, पण कपाळावर आठी ठेवूनच.

"भारतीय सांकेतिक भाषा सरकार फुकट शिकवतं," देवपुजारी सुगंधाला म्हणाल्या. "ती शिकायला तुम्हाला काय अडचण आहे?"

सुगंधाचे हात झपाट्याने फिरले. यशोधरा न्यायमूर्तींकडे वळल्या. "बेटबोलीत 'तुम्ही' नाही. सगळ्यांना 'तू'च म्हणतात. मी जसंच्या तसं सांगते. ती म्हणते, तू शिक. तुला उद्यापासून मराठी बंद. पोरगी गुदमरत असताना डॉक्टरला काय सांगायचं ते तू आधी नव्या भाषेत शोध, तोवर पोरगी थांबेल का ते बघ."

"अर्जदाराने भावनेच्या आहारी जाऊ नये," देवपुजारी म्हणाल्या आणि यशोधरांकडे वळल्या. "डॉक्टर मेश्राम, कंपनीच्या मूळ मुद्रा फक्त चौसष्ट. बाकीचं सगळं या मुलांनी केलं, असं तुमचं म्हणणं?"

"होय. शब्दसंग्रह सहा हजारांच्या वर आहे. संपूर्ण व्याकरण आहे."

"ही सर्वार्थाने खरी भाषा आहे? नुसत्या खुणा नाहीत?"

"नक्कीच. मराठीइतकीच खरी."

"आणि ती पूर्णपणे बेटावर घडली?"

"होय. मी तारखेनिशी दाखवू शकते."

गेडाम अर्धवट उठले, पण उशीर झाला होता. देवपुजारींनी एक कागद न्यायमूर्तींपुढे ठेवला. "खेळाच्या करारातलं एकोणिसावं कलम. 'बेटावर खेळाडू जे जे निर्माण करतील, ते कंपनीच्या मालकीचे राहील. पुढे कोठेही केलेला त्याचा वापर व त्यातील भर यांसही हे लागू राहील.' अर्जदाराने आणि तिच्या वस्तीतल्या प्रत्येक प्रौढाने हे मान्य केलेलं आहे. सज्ञान झाल्यावर पुन्हा मान्य केलेलं आहे. डॉक्टर मेश्राम यांचे मी आभार मानते. त्या खुणा आहेत असं ठरलं असतं, तर आम्हाला चौसष्टच मिळाल्या असत्या. ती भाषा आहे, म्हणून ती सगळीच आमची."

बाहेरच्या व्हरांड्यात सुगंधाने यशोधरांकडे पाठ केली. बहिऱ्या माणसाने पाठ केली की बोलणे संपते. यशोधरा तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, तर ती पुन्हा वळली.

पुढचा आठवडाभर यशोधरा प्रयोगशाळेतून जवळपास हलल्याच नाहीत. चार वर्षांची चित्रणे त्यांनी पुन्हा पाहायला घेतली. काय शोधायचे हे त्यांनाही माहीत नव्हते. कंटाळून त्यांनी एक चित्रण विश्लेषकात टाकले. वस्तीतली अकरा मुले चिंचेखाली भांडत होती. विश्लेषक हा संगणक बेटबोलीची वाक्ये फोडून दाखवायचा. त्याने उत्तर दिले: भाषा ओळखता येत नाही.

ही मुले हातवारे नीट करत नाहीत, अशी वस्तीतल्या सगळ्याच आयांची तक्रार होती. यशोधरांनीही तो बालिश उच्चार समजून ती चित्रणे बाजूला ठेवली होती. आता त्यांनी एकेक वाक्य थांबवून पाहिले. बेटावरची बाहुली दोन हातांनी दोन वेगळ्या गोष्टी करू शकत नसे. म्हणून बेटबोलीत शब्द एकामागून एक यायचे. मुले मात्र एका हाताने 'कोण' धरून ठेवत आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने 'काय' सांगत. कोणी कोणाला दिले, कोण कोणाचे, हे सारे हात कोणत्या दिशेने गेला त्यावर ठरत होते. चौसष्ट मुद्रांपैकी एकही मूळ रूपात उरली नव्हती. आईबापांची बोली अर्धवट कानी पडावी तशी मुलांच्या डोळ्यांवर पडली होती आणि त्यातून त्यांनी आपली वेगळीच भाषा उभी केली होती.

त्या मुलांतल्या एकानेही खेळाचा करार मान्य केलेला नव्हता. खेळ बंद पडला तेव्हा त्यांतली बहुतेक जन्मलीही नव्हती.

यशोधरा वस्तीत गेल्या. सुगंधाने दार उघडले, पण बाजूला झाली नाही. यशोधरांनी उंबऱ्याबाहेर उभे राहूनच सगळे सांगितले.

"मी तिला रोज टोकते," सुगंधा म्हणाली. "हात सरळ कर म्हणते. एकदा हातावर मारलंसुद्धा."

"तिचं चुकत नव्हतं. पण नीट ऐक. मुलांची भाषा वेगळी आहे हे सिद्ध करायचं, तर तुमची भाषा कंपनीचीच आहे हे त्याच पुराव्याने पक्कं होतं. मुलं सुटतील. तुम्ही कायमचे अडकाल."

"तुझ्या तोंडून एकदा माझी भाषा गेली," सुगंधा म्हणाली. "आता पुन्हा तूच न्यायला आलीस."

"हो."

"घेऊन जा. पण पोरांची राहिली नाही, तर पुन्हा या दारात येऊ नकोस."

दुसऱ्या सुनावणीला यशोधरांनी कंपनीचाच एक यंत्रमानव मागवून घेतला. त्याला आज्ञाभाषा म्हणून संपूर्ण बेटबोली शिकवलेली होती. मुलांची भाषा ही बेटबोलीचीच पोटभाषा आहे, असे देवपुजारींनी लेखी म्हटले होते. तसे असेल, तर यंत्राला ती थोडीफार तरी कळायला हवी.

न्यायमूर्तींनी परवानगी दिली. नभा पुढे आली. तिने यंत्राला पाण्याचा पेला आणायला सांगितले. यंत्र जागचे हलले नाही. तिने मुलाला सांगावे तसे, अगदी सावकाश सांगितले. यंत्र ढिम्म. तिने रागाने काहीतरी मोठी शिवी दिली. बाकीची मुले खिदळली. यंत्राला काहीच कळले नाही.

"आता अर्जदार," यशोधरा म्हणाल्या.

सुगंधाने एकदाच हात हलवले. यंत्र तत्काळ वळले, टेबलावरचा पेला उचलून तिच्यापुढे आले आणि आज्ञाधारकपणे उभे राहिले. सुगंधाने पेला घेतला नाही. तिने पुन्हा हात उचलले आणि यंत्राला जे सांगितले त्याचा अनुवाद यशोधरांनी केला नाही, पण यंत्र पेल्यासकट दाराबाहेर चालते झाले.

निकाल सहा पानांचा होता. अकरा मुलांची भाषा स्वतंत्र आहे, तिच्यावर कोणाचाही हक्क नाही, तिला चाळणी लावता येणार नाही. बेटबोली त्रिशृंग कंपनीची. करार केलेल्या प्रौढांना घराबाहेर कोणत्याही यंत्रातून ती बोलता येणार नाही. मुलांची भाषा मात्र, कोणत्याही मुक्त भाषेप्रमाणे, वाटेल त्याने शिकावी.

"तुम्ही जिंकलात," व्हरांड्यात देवपुजारी म्हणाल्या. "अभिनंदन. मोठ्यांना नवी भाषा कितपत येते हे तुम्हाला ठाऊकच आहे, डॉक्टर. बोलताना जिथे जुनी लकब डोकावेल, तिथे चाळणी अडवेल. ती लकब आमची आहे."

ते खरे होते.

पुढच्याच रविवारी सकाळी वस्तीच्या समाजमंदिरात मोठी माणसे सतरंजीवर बसली आणि मुले त्यांच्यासमोर उभी राहिली. यशोधरांनी करवाचकात मुलांच्या भाषेचा पहिला कच्चा कोश भरला होता. चाळणी त्यात होतीच; चूक कुठे होते हे तिच्यावरून कळणार होते. पडद्यावर आपल्या वाक्याचा अर्थ आणि अडवलेल्या वाक्याला लाल रेघ उमटेल, अशी सोय त्यांनी केली होती. पहिल्या तासात नुसत्या लाल रेघा उमटल्या. वडीलधारी माणसे चिडली. मुलेही चिडली. आपल्या आईबापांना इतके साधे कसे येत नाही हे त्यांना समजेना.

नभाने आईला एकच वाक्य दिले होते: मी तुझी आई आहे. सुगंधा ते अकरा वेळा चुकली. तिचे हात आपोआप एकामागून एक चालायचे, बेटावर चालायचे तसे. बाराव्या वेळी नभाने तिचा डावा हात धरून जागच्या जागी दाबून ठेवला. मग सुगंधाने उजवा हात फिरवला.

लाल रेघ आली नाही. करवाचक स्वच्छ आवाजात म्हणाला, "तू माझी आई आहेस."

मागे उभ्या असलेल्या यशोधरांनी ते ऐकले. सुगंधाने पडद्यावर वाचले. नभाने कपाळाला हात लावला. उलटं, उलटं! हात माझ्याकडून तुझ्याकडे नाही, तुझ्याकडून माझ्याकडे यायला हवा. तिने आईचे मनगट धरले आणि ते वळवू लागली.

सुगंधाने मनगट ताठ केले. वाक्य अडले नव्हते. आपल्याला बोलायला शिकवणाऱ्या पोरीकडे बघत तिने ते तसेच, त्याच दिशेने, पुन्हा म्हटले.