अर्ध्या पावलाचा उशीर

दुकानांतले वजनकाटे तपासून त्यांवर शिक्का मारणं हे माझं काम. पाच ग्रॅमची लबाडीही माझ्या हातून सुटत नाही, म्हणून ताई मला ‘काटेसाहेब’ म्हणते. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. चाळिशीत तिची दृष्टी गेली. पुढची दोन वर्षं ती खिडकीशी बसून होती. एक दिवस म्हणाली, “मला पळायचंय. कसं, ते तू बघ.”

तेव्हापासून आम्ही एक लांबलचक डोंगरवाट टप्प्याटप्प्याने पुरी करतोय. एकूण बारा टप्पे. महिन्या-दोन महिन्यांनी रजा टाकायची, मागच्या वेळी जिथे थांबलो त्याच खुणेच्या खांबाला हात लावायचा आणि पुढे निघायचं. सपाटीला पळतो, खडकाळ जागी चालतो. आमच्यामध्ये हातभर लांब कापडी पट्टी असते, दोन्ही टोकांना मूठ मावेल एवढी कडी. एक माझ्या हातात, एक तिच्या. वाट रुंद असली की शेजारी-शेजारी, अरुंद झाली की ती पुढे आणि मी मागे, म्हणजे तिच्या खांद्यावरून मला पुढचं दिसतं. मी शब्द टाकायचे: पायरी, मूळ, वाक, डावं, उजवं. तिने ते पायांनी ऐकायचे.

यात खुबी एकच. शब्द पावलाच्या आधी पडला पाहिजे. माझा पडायचा अर्धं पाऊल उशिरा.

“हो, आपटल्यावर सांग तू, दगड होता म्हणून,” ताई म्हणायची. “काटा उशिरा हलतोय, साहेब. मी नाही शिक्का मारणार याला.”

आम्ही हसायचो. आठव्या टप्प्यात मी ‘मूळ’ म्हणालो तोवर तिचा पाय अडकला होता. मनगट मोडलं. त्यानंतर माझं हसू आटलं.

प्लास्टर निघालं त्या दिवशी मी तिला म्हटलं, “पुरे आता. नववा टप्पा कड्यावरून जातो. वाट दोन हात रुंद. उजवीकडे भिंत, डावीकडे काहीच नाही. माझा एक शब्द चुकला ना...”

“तर मी पडेन. आणि नाही गेले, तर परत खिडकीशी बसेन. तोलून सांग कुठलं जड आहे ते.”

मला ते तोलता आलं नाही. आम्ही गेलो.

सकाळ लख्ख होती. कड्याच्या वाटेवर अर्ध्यात पोचलो आणि दूध उतू यावं तसं दरीतून धुकं वर आलं. पाच मिनिटांत मला माझे बूट दिसेनात. मी ताईला भिंतीला टेकवून बसवलं, मागे तिला खेटून मीही बसलो. म्हटलं, निवळेल.

नाही निवळलं. वारा दरीकडून येत होता, पाण्याने जड झालेला. तासाभरात आम्ही दोघं निथळत होतो. आधी ताईचे दात वाजत होते, मग वाजायचे थांबले. हे चांगलं लक्षण नव्हे, एवढं मला कळत होतं. ती बोलायची तेव्हा शब्द जाड जाड येत. तिला उठवावं, तर कुठे नेऊ? न उठवावं, तर ती उठणारच नाही. पुन्हा माझा शब्द उशिरा पडत होता.

“हां, उठते,” ताई म्हणाली.

मी काही बोललो नव्हतो.

ती भिंतीला धरून उभी राहिली. पट्टी ताणली गेली, म्हणून मीही उभा राहिलो.

“पायरी,” ती पुटपुटली आणि पाय उचलला. पुढच्याच पावलाला माझ्या बुटाला पायरी लागली.

“ताई, कुणाशी बोलतेस?”

“गंमत नको. सांगतोयस तसं सांगत राहा.”

मी तोंड मिटलं. कान टवकारले. नुसता वारा.

“मूळ. बरं.”

मूळ होतं.

“वाक.”

ती वाकली. मी वाकलो नाही. कपाळावर ओला खडक बसला.

मग ती एकाएकी थांबली. मीही थांबलो.

समोर कुठेतरी दगड घरंगळले. ते खाली पोचल्याचा आवाज मला आलाच नाही.

“लांब पाऊल,” ताई म्हणाली. “याहून लांब? बरं.”

ती पलीकडे गेली. मी बूट पुढे टेकवून पाहिला. खाली वाट नव्हती. पट्टीला हिसका बसला, मी डोळे मिटले आणि उडी टाकली.

पुढची उतरण मला आठवत नाही. आठवतात ते ताईचे होकार. बरं. हो. कळलं.

दुपारी आम्ही खाली डांबरी रस्त्यावर पोचलो. तिथे ऊन होतं. ताईच्या ओठांना रंग आला होता. तिने चाचपडत माझा चेहरा हातांत धरला. “आज एकदाही उशीर नाही, काटेसाहेब. घे, मारला शिक्का.”

खरं सांगायचं ते राहूनच गेलं. डोंगराकडे वळून मी हात जोडले. कुणाला, ते मला विचारू नका. ज्याचे त्याला पोचले असतील. माझी बहीण उन्हात बसली होती, जिवंत, आणि ओल्या मोज्यांवरून कुरकुरत होती. याहून जास्त मागायला माझ्याकडे शब्द नव्हता आणि आजही नाही.

“एक सांग,” ती मोजा पिळत म्हणाली. “तू मागे असतोस ना? मग आज डावीकडून का चालत होतास?”

“डावीकडून?”

“सगळा वेळ. अगदी खांद्याला खांदा लावून. वाट रुंद होती वाटतं तिथे.”

“होती,” मी म्हणालो.

तिचं जाकीट काढायला मी पुढे झालो. पाठ भिजली होती, दोन्ही बाह्या टपकत होत्या. डावा खांदा तेवढा कोरडा होता. मी त्यावर हात ठेवला. ऊबदार होता.