न संपणारा घुमारा

परवा विचारत होतास ना रे, घरी गाणं रेकॉर्ड करायला स्वस्तातलं रिव्हर्बचं, आवाजाला घुमारा देणारं मशीन कुठलं घेऊ म्हणून? बस इथे. तूही बस गं. मशीनचं सांगतो, पण आधी एकाने ते कसं घेतलं ते ऐका. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या नाकावरचा हा चष्मा त्याच माणसाने केलाय.

आम्ही त्याला चष्मेवालाच म्हणायचो. दिवसभर काचा घासायचा आणि घासता घासता गायचा. गळा असा गोड, की नंबर वाढला नसला तरी लोक डोळे तपासायला जायचे. आठ वर्षांची लेक त्याच्या गाण्याशिवाय डोळे मिटायची नाही. मागच्या डिसेंबरात त्याचा वरचा सूर फाटायला लागला. डॉक्टरांनी घशात बघितलं तर गाठ. साधीच, पण काढायला हवी होती. सोमवारी ऑपरेशन ठरलं.

"आवाज राहील ना?" त्याने विचारलं.

"राहील की. पण अगदी हाच राहील, असं लिहून देत नाही मी."

बिचारा हादरला. सोमवारच्या आत लेकीची तीन गाणी रेकॉर्ड करून ठेवायची, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. घरात पॅसेजच्या टोकाला अडगळीची खोली होती, दोघं आत शिरले तर एकाने श्वास बाहेर जाऊन घ्यावा एवढी. तिच्या भिंतींना त्याने जुन्या रजया ठोकल्या, दाराला आतून गादी बांधली. बाहेरचा आवाज आत येईना, हे झकास झालं. पण त्याचा स्वतःचा आवाजही ठार कोरडा झाला. मोठ्या दालनात गायलं की सूर मागे रेंगाळतो ना, तो घुमारा त्या रजयांनी पिऊन टाकला. तो आता मशीनमधूनच आणायला हवा होता.

शुक्रवारी दुपारी तो वाद्यांच्या दुकानात गेला. मोबाइलवरचं ॲप त्याने आधीच करून पाहिलं होतं. त्यात आपलाच आवाज कानात उशिरा पोचतो आणि गाणारा अडखळतो. दुकानदाराने एक नवंकोरं स्वस्त मशीन पुढे सरकवलं.

"हॉल, गुहा, बाथरूम, सगळं आहे यात."

"बाथरूम आहे माझ्या घरी," चष्मेवाला म्हणाला. "त्यात फुकट गातो."

आता त्याची पारखायची रीत मात्र शिकून घे. कानाला हेडफोन लावायचा, माइकसमोर एकच टाळी वाजवायची आणि घुमारा पूर्ण विरेपर्यंत मोजायचं. सुरुवातीला सगळीच मशीनं गोड वाटतात, स्वस्त मशीन उघडं पडतं ते शेवटी. त्या नव्या मशीनचा घुमारा तीनवर पत्र्यासारखा खरखरला आणि तुटला. मग दुकानदाराने एक जुनं काढलं. कोपरे घासलेले, दोनच बटणं, किंमत नव्याच्या निम्मी. चष्मेवाल्याने टाळी वाजवली. चार... सात... नऊ... घुमारा बारीक होत होता, पण संपत नव्हता. अकराला दुकानदार म्हणाला, "घेताय, की इथेच मुक्काम?" त्याने हसत हेडफोन काढला. मोजणी अर्धवट राहिली. असला घुमारा या किमतीत मिळतोय म्हटल्यावर स्वारी हवेत होती.

त्याच रात्री, बारा डिसेंबरला, सव्वाअकरा वाजता तो खोलीत शिरला. बायको आणि लेक झोपल्या होत्या. दार नुसतं लोटलं. त्याला कडी नव्हतीच. पहिलं गाणं छान झालं. दुसरं त्याहून छान. गाता गाता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्याच्या पहिल्या ओळीला दिवा गेला, मशीनचा लाल ठिपकाही गेला.

लाईट गेली, त्याला वाटलं. तो थांबला.

पण ती ओळ थांबली नाही. मागे घुमत राहिली.

त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. ओळ तशीच... चारी बाजूंनी. दार दोन हातांवर होतं. त्याने हात पुढे केला. रजई लागली. उजवीकडे वळला. रजई. डावीकडे... रजई. मागे वळला. तिथेही रजईच. गादी कुठेच नाही.

"अगं ए," त्याने बायकोला हाक मारली. "दार उघड गं."

हाक लांब गेली. फार लांब. एखाद्या प्रचंड दालनात जावी तशी. आणि परत आली.

घाबरला की माणूस हातचं काम करतो. त्याने टाळी वाजवली आणि मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा टाळी. एक, दोन, तीन. पुन्हा. एक...

दालनाची खोली झाली होती. खोलीचं कपाट होत होतं. दिसत काहीच नव्हतं, पण कानांना कळत होतं. भिंती जवळ येत होत्या.

त्याने लेकीला हाक मारली. ती ओठांपाशीच संपली.

मग त्याने हात मांडीखाली दाबून धरले. टाळी नको. काहीच नको. श्वाससुद्धा हळू...

आणि एक टाळी वाजली.

त्याची नव्हती. त्याच्या कानापाशी. वाजवणारा गप्प राहिला... मोजत असल्यासारखा.

सकाळी सहाला बायकोने दार ढकललं, ते सहज उघडलं. हा गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. दिवा चालू.

"रात्रभर इथेच होतात? आत यायचं नाही का झोपायला?"

"लाईट गेली होती," तो म्हणाला.

"कुठे? फ्रिज तर रात्रभर चालू होता."

मशीन त्याने त्याच दिवशी परत केलं. सोमवारी ऑपरेशन झालं, गाठ निघाली, डॉक्टर खूष. महिनाभर बोलायचं नव्हतं, तेवढं पाळलं. त्या रात्रीचं हे सगळं त्याने मला तेव्हा कागदावर लिहून सांगितलं. जानेवारीत एका रविवारी सकाळी तो, लेक आणि मी असे तिघं मोठ्या मैदानावर गेलो. दूरपर्यंत भिंत नाही, झाड नाही, वारा भणभणतोय. लेक सायकल घेऊन पार पलीकडे गेली होती. त्याने महिन्यानंतरची पहिली हाक मारली.

मी शेजारी उभा होतो, म्हणून सांगतो. फाटलेला नव्हता आवाज. त्याचाच होता, गोड. पण त्या उघड्या मैदानात तो घुमत होता... अगदी लहान, बंद जागेत घुमावा तसा.

पोर सायकल टाकून धावत आली. त्याच्यासमोर उभी राहिली, त्याच्या तोंडाकडे बघत. आणि रडवेली होऊन म्हणाली,

"बाबा, तुम्ही कुठे आहात? बाहेर या ना."