दुसऱ्या टोकाची टकटक

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नसेल त्यानं आत्ताच उठावं, मला राग येणार नाही.

भुतं रात्रीच दिसतात असं सगळे म्हणतात. मला जे कळलं ते लख्ख उन्हात कळलं. ऑगस्टमधला शनिवार होता. साल एकोणीसशे सेहेचाळीस. जागा म्हणजे आमच्या कौंटीच्या मैदानामागून घराकडे जाणारी पायवाट. ती जिथं खाणीच्या मालगाडीचे रूळ ओलांडते, तिथं.

मी एडा हॅलम. माझा नवरा सेथ कौंटीकडून, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या क्रिकेट संघाकडून खेळायचा. पगारी खेळाडू, सलामीचा फलंदाज. उन्हाळाभर बॅट आणि हिवाळाभर दगडाच्या खाणीत घण.

आणि एक आधीच सांगते. मी मत्सरी बाई आहे. आई म्हणायची, आमच्या एडाला स्वतःच्या सावलीचाही हेवा वाटतो. अशा बाईच्या नशिबी सवत आली. तीसुद्धा कशी? सहा फूट उंच, डावखुरी आणि मिशाळ.

क्लेम टॉप्लिस. सेथचा सलामीचा जोडीदार.

बाकीच्या जोड्या धाव घेताना ओरडतात. 'हो', 'नाही', नाहीतर 'थांब'. ही दोघं तोंडातून अक्षर काढायची नाहीत. पलीकडच्या टोकाला क्लेम बॅट दोनदा जमिनीवर ठोकायचा...

टक टक.

की सेथ निघालाच. चेंडू कुठं आहे, हेसुद्धा बघायचा नाही. जाता जाता स्वतःची बॅट एकदा ठोकायचा, म्हणजे 'आलो'. झालं त्यांचं बोलणं. आणि इकडे मला 'मीठ दे' हे तीनदा सांगावं लागायचं.

घरी येतानाही तेच. रुळांना तिथं वळण आहे. आमच्या बाजूनं गाडी दिसत नाही, पलीकडच्या फाटकातून लांबपर्यंत दिसते. क्लेम पुढं पळत जायचा आणि फाटकाच्या खांबावर बॅट ठोकायचा. टक टक. मग सेथ मान खाली घालून खुशाल रूळ ओलांडायचा.

रविवारी क्लेम आमच्याकडे जेवायला असायचा. लग्न केलं नव्हतं त्यानं.

"एडा, सेथचं माझ्याशी लग्न झालं असतं ना, तर आमच्या घरात कधी भांडण झालं नसतं."

"घेऊन जा की मग. मोजेही तूच रफू कर."

"नको गं पोरी. पायांना वास मारतो त्याच्या."

सेथ हसून हसून ठसकला. माझ्या बोलण्यावर तो असा कधी हसला होता, ते मी आठवून बघितलं. आठवेना.

मग लढाई आली. दोघं एकाच दिवशी भरती झाले, एकाच पलटणीत. जाताना क्लेमनं त्याची बॅट आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली.

"परत येईन तेव्हा तेल लावलेली दिसली पाहिजे, एडा."

तो परत आला नाही. इटलीत एका नदीवर गेला. कसा गेला ते सेथनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी रडले. खोटं नाही सांगत, खूप रडले. पण रडता रडता मनात एक बारीक आवाज म्हणत होता, आता सेथ फक्त माझा.

कसलं काय! जिवंत सवतीशी भांडता तरी येतं.

सेथ लढाईवरून आल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात बॅटींना जवसाचं तेल लावायला बसला. आधी क्लेमच्या बॅटला लावलं, मग स्वतःच्या. सगळीकडे टंचाई, तेलाचा थेंब मिळत नव्हता.  मी भांडी जरा जोरात आपटली.

नवा हंगाम सुरू झाला. सेथला नवा जोडीदार मिळाला, लेन फर्निस. सरळ, लाजरा पोरगा. आम्हा पगारी खेळाडूंच्या बायकांना पॅव्हेलियनमध्ये जागा नसायची. आम्ही पांढऱ्या पडद्याशेजारच्या बाकावर बसायचो. माझ्या शेजारी लेनची बायको हिल्डा.

पहिलाच सामना. सेथनं चेंडू पायाशी अडवला. धाव कुठंच नव्हती.

आणि सेथ पळत सुटला...

लेन जागचा हलला नाही. सेथ खेळपट्टीच्या मधोमध एकटाच उभा राहिला. रनआउट.

"चष्मा लागलाय का हो तुमच्या ह्यांना, मिसेस हॅलम?" हिल्डानं विचारलं.

"तुझ्या नवऱ्याला पाय फुटलेत का, ते आधी बघ."

संध्याकाळी लेन टोपी हातात घेऊन दारात आला. चेहरा रडवेला.

"सेथ, मी बोलावलं नव्हतं. देवाशपथ. मी बॅटसुद्धा हलवली नव्हती."

"ठोकलीस की. दोनदा."

"नाही रे."

 सेथनं हळूच दार लावून घेतलं.

पुढच्या सामन्यात तेच झालं. त्याच्या पुढच्यातही. कप्तान मोठ्या घरचे होते, हौसेनं खेळणारे. त्यांनी बोलावून सांगितलं, "हॅलम, असंच चाललं तर पुढच्या वर्षी आम्हाला विचार करावा लागेल." सेथ 'होय, साहेब' म्हणाला. चाळिशीला टेकलेल्या फलंदाजाला ठेवलं नाही, तर त्यानं उरलेला जन्म खाणीत घण घालायचा. पोरं त्याला 'रनआउट हॅलम' म्हणून हसायला लागली होती.

मला वाटायचं, लढाईनं डोकं फिरलंय. पुष्कळांची फिरली होती.

मग मी स्वतः ऐकलं.

जुलै महिना. धुण्याचा दिवस. दुपारचा चहा टेबलावर. वारा नव्हता, दोरीवरची चादरसुद्धा हलत नव्हती. मागच्या अंगणातल्या फरशीवर...

टक टक.

सेथनं घोट तसाच तोंडात धरला. मग कप ठेवून उठला आणि दाराकडे गेला. त्याचा चेहरा मी बघितला. लग्नाच्या दिवशीसुद्धा तो माझ्याकडे असा आला नव्हता.

मी त्याला ढकलून आधी बाहेर गेले. अंगणात कुणी नव्हतं.

आत आले. क्लेमची बॅट कोपऱ्यात होती तिथंच होती. मी वाकून बघितलं...

टोकाला माती लागली होती. ओली.

लढाईच्या आधीपासून ती बॅट घराबाहेर गेली नव्हती.

कुणी म्हणेल, एडा, तू घाबरली असशील. भीती नंतर वाटली. आधी अंगाचा भडका उडाला. सेथ अंगणात उभा होता, तेवढ्यात मी त्या बॅटीसमोर कमरेवर हात ठेवून म्हणाले, "मेल्यावरही लाज नाही का रे तुला? माझ्या दारात येऊन माझ्याच नवऱ्याला बोलावतोस?"

बॅट काय बोलणार! पण स्वयंपाकघरात जवसाच्या तेलाचा वास आला. तेल तर हिवाळ्यातच संपलं होतं.

आणि मग तो शनिवार.

सेथ पुन्हा रनआउट झाला होता. खेळ संपल्यावर कप्तानांनी त्याला आत बोलावलं. तो बाहेर आला तेव्हा काही विचारायची गरज नव्हती. आम्ही घरी निघालो. तो पुढं, खांद्यावर पिशवी, हातात बॅट. मी मागं, बसायची उशी आणि चहाची किटली घेऊन. ऊन चांगलं होतं. काटेरी कुंपणात पाखरांची कलकल चालली होती.

रुळांपाशी आलो आणि पाखरं गप्प झाली.

सगळी. एकदम.

सेथ फाटकात थांबला. पलीकडून...

टक टक.

पलीकडच्या खांबाशी कुणी नव्हतं. मी डोळे फाडून बघत होते. ऊन होतं, गवत होतं, खांब होता. बाकी काही नाही.

सेथ हसला. त्यानं आपली बॅट एकदा जमिनीवर ठोकली.

टक.

आणि मान खाली घालून निघाला.

तेवढ्यात माझ्या तळपायांना जमीन थरथरलेली कळली. गाडी. वळणापलीकडे.

"सेथ!"

त्यानं वळून बघितलं नाही. माझ्या हाकेला त्यानं कधी वळून बघितलं होतं? उशी पडली, किटली पडली. मी धावले, पण पोचणार नव्हते. आणि मग माझ्या तोंडून ते निघालं, जे इतकी वर्षं बाकावर बसून मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आले होते. पोटातून, फलंदाज ओरडतात तसं.

"थांब!"

त्याचा पाय जागच्या जागी रुतला. धाव मोडून परत फिरावं तसा तो गर्रकन वळला, माझ्या दिशेनं झेपावला आणि त्यानं लांब हात करून बॅट माझ्या पायांपाशी टेकवली. डोक्यानं नाही केलं ते त्यानं. अंगानं केलं.

गाडी त्याच्या टाचेमागून गेली. दगडांनी भरलेले डबे, एकामागून एक. दोन डब्यांच्या फटीतून पलीकडचं फाटक दिसत होतं... मग डबा... मग फाटक...

मग एका फटीत पांढरे पॅड बांधलेले दोन पाय.

पुढच्या फटीतही.

शेवटचा डबा गेला. फाटकाशी कुणी नव्हतं. हवेत जवसाच्या तेलाचा वास होता.

सेथ गवतात बसला आणि क्लेम कसा गेला ते तिथं पहिल्यांदा बोलला.

"पूल उडवलेला होता, एडा. दगडांवरून एकेकानं पळत नदी ओलांडायची होती. मी आधी गेलो, भिंतीआड पोचलो. मला वाटलं, आता गोळीबार थांबलाय. बंदुकीचा दस्ता दगडावर दोनदा ठोकला." त्यानं मूठभर गवत उपटलं. "तो निघाला. बघितलंसुद्धा नाही त्यानं. मी ठोकलं होतं ना."

मी त्याचा हात धरला.

"चुकीचा कॉल माझा होता. आपला कॉल चुकला तर आपण बाद व्हायचं, जोडीदाराला वाचवायचं. खेळातली पहिली गोष्ट ही. क्लेमनं मला एकदाही रनआउट केलं नाही. मी त्याला केलं."

"म्हणून आता तो तुला मारायला आलाय?"

"मारायला कशाला? बोलावतोय नुसता. एकटा आहे तो तिकडे."

"आणि इकडे मी कोण? बारावा खेळाडू?"

 तो हसला. ठसका लागेपर्यंत हसला आणि मग रडला. पण आधी हसला, माझ्या बोलण्यावर.

थोड्या वेळानं डोळे पुसत म्हणाला, "तू 'थांब' म्हणालीस. 'नाही' म्हणायला हवं होतंस."

"जीव वाचला ना? फरक काय पडतो?"

"'नाही' म्हटलं की जोडीदार आपल्या टोकाला परत जातो. 'थांब' म्हटलं की तो निम्म्या वाटेवर उभा राहतो. पुढचा कॉल येईपर्यंत."

"मग आता म्हणते. नाही! नाही! नाही!"

"कॉल एकदाच असतो, एडा. मध्येच बदलला की माणूस जातो."

कौंटीनं त्याला ठेवलं नाही. पण खाणीत परत जावं लागलं नाही. एका शाळेत तो पोरांना खेळायला शिकवू लागला. आमचे चांगले दिवस आले. मधूनच मात्र त्याचा कप हवेत थांबायचा, मान अंगणाकडे वळायची. मग तो माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचे, "थांब." तो थांबायचा. मीठही पहिल्या हाकेला द्यायचा.

वीसेक वर्षं मी त्याला असं धरून ठेवलं.

मग त्याच्या छातीनं दगा दिला. खाणीची धूळ. एप्रिलची दुपार होती. मैदानावर रोलर फिरत असल्याचा आवाज खिडकीतून येत होता. सेथ खुर्चीत होता. एकेक श्वास ओढून घेत होता.

रोलरचा आवाज थांबला...

टक टक.

त्यानं माझ्याकडे बघितलं. विचारत होता. माझ्या ओठांवर 'थांब' आलं होतं. पण त्याच्या श्वासाची घरघर मला ऐकवत नव्हती. मी गप्प बसले.

त्यानं खुर्चीच्या हातावर बोट एकदा ठोकलं.

त्यानंतर टकटक कधी आली नाही. मला वाटलं होतं, येईल. क्लेमची नाही, सेथची. आता माझी हाक त्याला कळत होती. एकदा तरी मला बोलावील. दुपारी मी मागचं दार उघडं ठेवते. हात रिकामे ठेवून बसते. अंगण गप्प असतं.

दोन्ही बॅटी अजून कोपऱ्यात आहेत. हिवाळ्यात मीच तेल लावते. सवतीच्या बॅटलाही लावते, काय करणार!

काल तेलाची बाटली घेऊन बसले. क्लेमची बॅट उचलली. टोकाला माती होती. ओली.

सेथची उचलली. तिच्याही.

दोघांची जोडी जमलेली दिसते. आणि मी इथं बाकावर बसून आहे.