डाव्या गालाची दाढी

मंगळवारी रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. हे सासऱ्यांनी काल जेवणं झाल्यावर सांगितलं. मी बाळाला मांडीवर घट्ट धरून ऐकत होते. फोन आला होता त्यांच्या चुलतभावाला, तात्यांना. तात्यांचं दाढी-कटिंगचं दुकान, आणि ते अजून धार लावायचा जुना उस्तराच वापरतात.

फोनवर म्हातारा आवाज होता. "सकाळी मुलगी येणार आहे. दाढीचं जंगल बघून रडेल ती. येऊन जाता का?"

"भुतालाही दाढी लागते का हो, बाबा?" धाकटे दीर हसले.

"लागते. तू आधी तुझी कर, अस्वल दिसतोयस," सासरे म्हणाले. मग आवाज खाली आला.

तात्या पेटी घेऊन त्याच्या घरी गेले. दार उघडंच होतं. म्हातारा खुर्चीत बसलेला, गळ्याभोवती टॉवेल. तात्यांनी फेस लावला, कातडी ताणली, उस्तरा जरा तिरपा धरून वरून खाली आणला. खर्र... खर्र... उजवा गाल साफ. मग डावा. पुसला, तर खुंट तसेच.

"राहिले वाटतं," तात्या म्हणाले.

"परत करा."

परत केला. परत उगवले. तिसऱ्यांदा हात लावला तेव्हा कळलं, गाल गार होता. अगदी गार.

धारही मंदावली. तात्यांनी धार लावायचा चामड्याचा पट्टा काढला. पट्ट्याच्या टोकाला उस्तरा पाठीवरून उलटवायचा असतो, धारेवरून कधीच नाही. चाळीस वर्षं केलेलं काम. पण त्या रात्री धारेवरूनच उलटवला. पट्टा चिरला. धार मुडपली. असा उस्तरा दाबूनच चालतो, आणि दाबला की गाल कापतो.

"काका... आता नाही जमणार."

"माझी मुलगी येईल हो..."

तात्यांनी नुसता टेकवला. दाबला नाही. खाली आणला.

आवाज नाही.

रक्त नाही.

गाल गुळगुळीत.

दिवा गेला. तात्यांनी मोबाईल चाचपडत उजेड केला...

खुर्ची रिकामी.

सकाळी शेजारणीने सांगितलं, म्हातारा सोमवारीच दवाखान्यात वारला. घर तेव्हापासून बंद. मुलगी दवाखान्यात आली, तोंडावरची चादर बाजूला केली. "बाबा किती नीट दिसतायत," म्हणाली. दवाखान्यात कुणी दाढी केली, कुणालाच माहीत नव्हतं.

सासऱ्यांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"आणि तात्या?" मी विचारलं.

"बरे आहेत. पण त्या दिवसापासून त्यांच्या डाव्या गालावर एकही केस आला नाही. मी स्वतः हात फिरवून बघितलाय."

आमचे हेही दाढी-कटिंगच करतात, फोन आला की पेटी उचलून निघतात. म्हणून लिहितेय. घरी जाऊन दाढी करणारं तुमच्या ओळखीचं कुणी असेल, तर त्याला सांगा, आधी शेजारी विचार, घरात कोण आहे ते. आणि त्याला म्हणावं, तूही पुढे सांग.